बारा महिने, तीस टक्के की सत्तर टक्के? मेंदूच्या लिम्फोमाचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६४. दीड-दोन महिन्यांपासून ते गप्प गप्प राहू लागले, साध्या हिशेबात चुकू लागले, मग डावा पाय ओढत चालू लागले. एमआरआयमध्ये मेंदूत खोलवर गाठ दिसली. बायोप्सी झाली आणि रिपोर्ट आला : प्रायमरी सीएनएस लिम्फोमा, डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारचा. म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतच सुरू झालेला, लसिका पेशींचा (एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग. मुलगी विचारते आहे की हा आजार नक्की किती दुर्मिळ आहे आणि वडिलांच्या हाताशी किती काळ आहे. तिने एके ठिकाणी ‘बारा महिने’ वाचले, दुसरीकडे ‘पाच वर्षांनी तीस टक्के’, तिसरीकडे ‘सात वर्षांनी सत्तर टक्के’. यातले खरे कोणते? आणि शेवटी एक व्यवहाराचा प्रश्न : परदेशातल्या भावाला आत्ताच बोलावून घ्यायचे, की काही महिन्यांनी आला तरी चालेल?

लिम्फोमाचे रुग्ण बघण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे आधी मधल्या प्रश्नाला हात घालतो. तिन्ही आकडे खरे आहेत. पण ते तीन वेगवेगळ्या जमावांचे आकडे आहेत. वय वेगळे, उपचार वेगळे, काळही वेगळा. तुमचे वडील कुठल्या जमावाच्या जवळ जातात, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. बरेचसे पुढच्या महिना-दीड महिन्यात कळेल, आणि ते कसे कळते हेच मला सविस्तर सांगायचे आहे.

दुर्मिळ म्हणजे किती? वर्षाला दर एक लाख लोकांमागे साधारण ०.४ ते ०.५. म्हणजे दहा लाख वस्तीच्या शहरात वर्षभरात चार-पाच जण. अमेरिकेसारख्या अवाढव्य देशातही वर्षाला सुमारे १,५०० नवे रुग्ण निघतात. मेंदूतच सुरू होणाऱ्या गाठींमध्ये याचा वाटा शेकडा दोन ते चार, आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या (हा ज्या मोठ्या गटात मोडतो त्याच्या) सगळ्या रुग्णांत शेकडा एकाच्या आसपास. त्यामुळे एखादा चांगला, अनुभवी फिजिशियन उभ्या आयुष्यात असे दोन-तीनच रुग्ण पाहतो, आणि निदानाला उशीर होतो तो बऱ्याचदा याच कारणाने. वडिलांचे गप्प राहणे ‘वयाचे आहे’, ‘निवृत्तीनंतर मन लागत नसेल’ म्हणून तुम्ही सोडून दिलेत, याबद्दल स्वतःला दोष देत असाल तर देऊ नका. डॉक्टरही तेच करतात.

ही सरासरी सगळ्या वयांना सारखी वाटलेली नाही. निदानाच्या वेळचे मधले वय ६५ ते ६८ च्या घरात येते. साठीनंतर प्रमाण चढत जाते आणि सत्तरीत ते सर्वसाधारण दराच्या कित्येक पट होते. गेल्या काही दशकांत वाढलेले रुग्णही मुख्यतः याच वयाचे आहेत. १९८० च्या दशकापासून १९९० च्या मध्यापर्यंत जो मोठा उंचवटा दिसतो तो वेगळा. तो एड्सच्या साथीचा होता. प्रतिकारशक्ती पार खचलेल्या तरुण माणसांमध्ये एपस्टाइन-बार विषाणूच्या जोरावर हा लिम्फोमा उठायचा. १९९६ नंतर एचआयव्हीची परिणामकारक औषधे आली आणि तो उंचवटा उतरला. आजही मी प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करतो, वय आणि घराणे न पाहता. तुमच्या वडिलांची केली तर मनाला लावून घेऊ नका. त्या उत्तरावर उपचाराची दिशा बदलते. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्येही हा आजार होतो. पण आज बहुसंख्य रुग्ण तुमच्या वडिलांसारखे असतात : प्रतिकारशक्ती ठीक, दुसरा मोठा आजार नाही, आणि ‘मलाच का’ याला वैद्यकाकडे उत्तर नाही. व्यसन, मोबाइल, ताणतणाव, कुठलीशी जुनी मार, यातले काहीही शोधत बसू नका.

‘प्रायमरी’ या शब्दाकडे मात्र लक्ष द्या. लिम्फोमा मेंदूत सुरू झाला आणि मेंदू, मज्जारज्जू, त्यांभोवतीचे द्रव आणि डोळे यांपुरताच आहे, असा त्याचा अर्थ. शरीरात दुसरीकडे सुरू होऊन मेंदूत शिरलेला लिम्फोमा हे वेगळे प्रकरण आहे. त्याचे उपचार वेगळे, आकडे वेगळे. म्हणून उपचाराआधी पूर्ण शरीराचा पेट स्कॅन किंवा सीटी, पुरुषांमध्ये वृषणाची सोनोग्राफी, आणि सुरक्षित असेल तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासणी होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून आत पाहणेही यात आले. दृष्टी उत्तम असलेल्या माणसाला डोळ्यांच्या तपासणीला पाठवले की नातेवाईक बुचकळ्यात पडतात. पण १५ ते २५ टक्के रुग्णांमध्ये डोळ्यात लिम्फोमाच्या पेशी सापडतात, आणि त्यातल्या कित्येकांना तोवर काहीच जाणवलेले नसते.

आता ‘बारा महिने’ कुठून आले ते सांगतो. या आजाराचे पहिले वर्णन १९२९ मधले. पर्सिव्हल बेली यांनी त्याला रक्तवाहिन्यांभोवतीचा सार्कोमा म्हटले होते. पुढे कित्येक वर्षे तो मायक्रोग्लिओमा वगैरे नावांनी ओळखला गेला, म्हणजे मुळात ही लसिका पेशींची गाठ आहे यावरच एकमत नव्हते. उपचार न करता, किंवा नुसत्या स्टिरॉइडवर, रुग्ण दीड ते तीन महिने जगत. मग पूर्ण मेंदूला रेडिएशन द्यायला सुरुवात झाली. गाठ लोण्यासारखी विरघळायची, घरचे आनंदायचे, आणि काही महिन्यांत ती परत यायची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुर्मान (रांगेतल्या मधल्या माणसाचे, याचा अर्थ पुढे नीट सांगतो) वर्षभराच्या आत-बाहेर निघाले. तुम्ही वाचलेले ‘बारा महिने’ ते हे. किमोथेरपीचे नेहमीचे मिश्रण, जे शरीरातल्या याच जातीच्या लिम्फोमावर चांगले चालते, तेही देऊन पाहिले. इथे ते फसले, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत त्यातली बरीचशी औषधे आत येऊ देत नाही.

ती भिंत ओलांडायला उपयोगी पडले एक जुनेच औषध, मेथोट्रेक्सेट. संधिवाताचे रुग्ण आठवड्याला १५-२० मिलिग्रॅम घेतात तेच. फक्त इथे ते एका वेळी पाच-सहा ग्रॅम, शिरेतून, तीन-चार तासांत द्यायचे. संधिवाताच्या डोसाच्या सुमारे तीनशे पट. एवढा डोस माणसाला मारू शकतो, म्हणून चोवीस तासांनी त्याचा उतारा, ल्युकोव्होरिन, सुरू करायचा. निरोगी पेशी वाचतात आणि मेंदूतल्या गाठीला मिळायचा तो तडाखा मिळून गेलेला असतो. या आजाराचा इतिहास मेथोट्रेक्सेटच्या आधीचा आणि नंतरचा असा सरळ दोन भागांत मोडतो. एखादा आकडा वाचलात की पहिला प्रश्न हाच विचारा : यातल्या माणसांना मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस मिळाला होता का?

आता सत्तर टक्क्यांकडे. युरोपातला एक अभ्यास आहे, आयईएलएसजी ३२ या नावाचा. त्यात सुमारे सव्वादोनशे रुग्णांना तीन गटांत चिठ्ठ्या टाकून वाटले. पहिल्या गटाला मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबिन, दुसऱ्याला त्यात रिटुक्सिमॅब, तिसऱ्याला वर थायोटेपा. ही चार औषधांची जोडणी ‘मेट्रिक्स’ म्हणून ओळखली जाते. सात वर्षांनी पहिल्या गटातले २१ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ३७, आणि मेट्रिक्स गटातले ५६ टक्के. मेट्रिक्स पूर्ण करून त्यानंतर रेडिएशन किंवा स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण, असा पक्का करणारा टप्पाही ज्यांनी पार केला, त्यांच्यात सात वर्षांनी ७० टक्के. या रोगात हा आकडा पहिल्यांदा समोर आला तेव्हा आम्ही खरोखर खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

पण आता त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा. अभ्यासात घ्यायचे कमाल वय ७० होते. ६५ च्या पुढच्यांना प्रकृती बऱ्यापैकी असेल तरच प्रवेश होता. सहभागींचे मधले वय ५८ निघाले, म्हणजे खऱ्या दुनियेतल्या रुग्णापेक्षा आठ-दहा वर्षांनी कमी. आणि सत्तर टक्क्यांत मोजले गेलेले लोक तर आणखी चाळून आलेले : किमोच्या चार फेऱ्या सोसल्या, गाठीने दाद दिली, पुढचा टप्पा झेपला, मग मोजणी झाली. उपचारातच दगावलेले सुमारे ६ टक्के आणि ज्यांच्या गाठीने दादच दिली नाही ते या हिशेबात नाहीत. आकड्यात फसवणूक काही नाही, तो शिखरावर पोचलेल्यांचा आहे इतकेच. त्याने शिखर आहे हे कळते. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाची शक्यता त्यातून काढता येत नाही.

‘तीस टक्के’ येतात कर्करोग नोंदणीच्या वह्यांमधून. तिथे सगळे मोजले जातात : नव्वदीचे आजोबा, निदानानंतर आठवड्यात गेलेले, उपचार नाकारलेले, मूत्रपिंड कमजोर म्हणून मेथोट्रेक्सेट न मिळालेले. अमेरिकेच्या नोंदणीत १९७० च्या दशकात मध्यक आयुर्मान साडेबारा महिने होते, ते २०१० च्या दशकात २६ महिन्यांवर आले. दुप्पट. पण त्याच अभ्यासातले पुढचे वाक्य मला आजही टोचते : ही सगळी वाढ सत्तरीच्या आतल्यांमध्ये आहे. सत्तरीपुढच्यांचे चाळीस वर्षांत सहा महिन्यांचे सात महिने झाले, बस्स. फ्रान्समध्ये या आजाराच्या तज्ज्ञ केंद्रांचे जाळे आहे. त्यांनी हजारावर रुग्णांचा हिशेब मांडला, त्यातही मधले वय ६८ आणि मध्यक आयुर्मान दोन वर्षांच्या जरा वर निघाले.

सत्तरीपुढच्यांच्या त्या सात महिन्यांवर दोन शब्द जास्त बोलतो, कारण तुमच्या वडिलांचे वय त्या उंबरठ्याजवळ आहे आणि त्यावरून कुणी ‘आता या वयात कशाला’ असे म्हणण्याची शक्यता आहे. त्या सात महिन्यांत मोठा वाटा उपचार न मिळालेल्यांचा किंवा अर्धवट मिळालेल्यांचा आहे. जर्मनीतल्या एका अभ्यासात ६५ च्या पुढच्या, मधले वय ७३ असलेल्या, शंभरावर रुग्णांना वयाला झेपेल अशा मेथोट्रेक्सेटच्या उपचारावर ठेवले. दोन वर्षांनी त्यातले ४७ टक्के जिवंत होते. दुसऱ्या एका अभ्यासात तर मधले वय ७१ असलेल्या, निवडून घेतलेल्या रुग्णांना मूळपेशी प्रत्यारोपणही झेपले. म्हणून ‘वय झाले’ हे कारण मी एकट्याने कधीच मान्य करत नाही. मूत्रपिंड कसे आहे, हृदय कसे आहे, आजारापूर्वी माणूस जिने चढत होता का, स्वतःची कामे स्वतः करत होता का, हे मला जन्मतारखेपेक्षा जास्त सांगते.

मध्यक हा शब्द मी इतक्या वेळा वापरला, तर त्याचा अर्थही नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त रडारड या एका शब्दाच्या गैरसमजातून होते. २६ महिने मध्यक म्हणजे ‘२६ महिने मिळतील’ असे नव्हे. अकरा माणसे आयुष्याच्या क्रमाने रांगेत उभी केली तर सहाव्या माणसाचा आकडा तो मध्यक. या आजारात त्या रांगेची ठेवण विलक्षण असते. पहिले तीन-चार जण सहा-आठ महिन्यांतच गेलेले असतात. सहावा दोन वर्षांवर. आणि शेवटचे तीन-चार जण आठ, दहा, बारा वर्षांनीही आपापल्या घरी असतात. मधल्या आकड्याच्या अगदी आसपास फार थोडे लोक सापडतात. त्यामुळे ‘सरासरी किती’ यापेक्षा ‘रांगेच्या कुठल्या टोकाकडे’ हा प्रश्न शहाणपणाचा.

त्या प्रश्नासाठी आमच्याकडे दोन मोजपट्ट्या आहेत. पहिलीत पाच गोष्टींना एकेक गुण : वय साठच्या वर, दैनंदिन हालचालीसाठी दुसऱ्याची गरज, रक्तातले एलडीएच (पेशी मोडल्या की रक्तात वाढणारे एक विकर) वाढलेले, मणक्याच्या पाण्यातले प्रथिन वाढलेले, आणि गाठ मेंदूच्या खोल भागात. शून्य किंवा एक गुण असणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, दोन-तीन गुणवाल्यांपैकी ४८ टक्के, चार-पाच गुणवाल्यांपैकी १५ टक्के. तुमच्या वडिलांचे वय एक, पाय ओढत आधाराने चालतात म्हणून एक, गाठ खोलवर म्हणून एक. एलडीएच नॉर्मल आहे असे तुम्ही लिहिले आहे, पाण्याची तपासणी व्हायची आहे. म्हणजे तीन, फार तर चार. दुसरी मोजपट्टी साधी आहे, फक्त वय आणि हालचाल बघते. पन्नाशीच्या आतल्यांचे मध्यक आयुर्मान साडेआठ वर्षे, पन्नाशीपुढे पण स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे ३.२ वर्षे, पन्नाशीपुढे आणि परावलंबी असणाऱ्यांचे १.१ वर्षे.

आता माझे मत. या दोन्ही मोजपट्ट्या २००३ आणि २००६ मधल्या आहेत, जुन्या उपचारांवर बेतलेल्या. शिवाय त्यांच्यात एक चोरवाट आहे जी मला दर महिन्याला उपयोगी पडते. वय बदलत नाही, गाठीची जागा बदलत नाही, पण ‘परावलंबी’ हा गुण बदलू शकतो. तुमच्या वडिलांचा पाय म्हातारपणाने ओढत नाही. गाठीभोवती सूज आहे म्हणून ओढतो. दुसऱ्याच फेरीनंतर व्हीलचेअरवरून आलेला माणूस काठी घेऊन चालत वॉर्डात शिरताना मी पाहिला आहे, आणि एकदाच नव्हे. मेंदूच्या इतर बहुतेक घातक गाठींमध्ये असे सहसा होत नाही. लिम्फोमा औषधाला जितका पटकन दाद देतो तितके त्यांच्यापैकी फार थोड्या देतात. म्हणून आजच्या अवस्थेवरून ‘हे किमो सोसणार नाहीत’ असा निकाल लावण्याची घाई झाली तर ती थांबवा आणि हा आजार नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांचे दुसरे मत घ्या.

दाद देण्यावरून स्टिरॉइडची गोष्ट आठवली. तुमच्या वडिलांची बायोप्सी स्टिरॉइड सुरू व्हायच्या आधी झाली, हे मोठे नशीब. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मेंदूची सूज उतरवतेच, पण लिम्फोमाच्या पेशीही मारते, आणि तो परिणाम तात्पुरता असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. आधीच्या ठिकाणी स्कॅनमध्ये गाठ दिसली, लगेच स्टिरॉइड सुरू झाले, दहा दिवसांनी बायोप्सीआधीच्या स्कॅनमध्ये गाठ गायब. घरच्यांनी देवाचे आभार मानले. डॉक्टरांनीही ‘काही तरी जंतुसंसर्ग असेल’ म्हणून फाइल बंद केली. अकरा आठवड्यांनी त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा गाठ दुसऱ्या बाजूला होती, दुप्पट मोठी, आणि त्यांना मुलाचे नाव आठवत नव्हते. या भुताटकीमुळे जुन्या लोकांनी हिला भुताची गाठ असेच नाव दिले होते. जीव धोक्यात नसेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड नको, हा नियम त्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला.

आणखी एक, जे नातेवाइकांना खटकते : गाठ ‘काढून का टाकत नाहीत?’ कारण ती एका ठिकाणी दिसली तरी तिच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने आजूबाजूला दूरवर पसरलेल्या असतात. खोल भागात चाकू चालवून नुकसान तेवढे निश्चित, फायदा नाही. सुईने तुकडा घेणे एवढेच सर्जनचे काम.

मी सुरुवातीला म्हटले की बरेचसे पुढच्या महिना-दीड महिन्यात कळेल, ते आता जवळून दाखवतो. मेथोट्रेक्सेट द्यायच्या आदल्या संध्याकाळी रुग्ण ॲडमिट होतो. सलाईन जोरात सुरू होते, त्यात सोडा बायकार्ब घातलेला. उद्देश हा की लघवी भरपूर व्हावी आणि आम्लधर्मी राहू नये, नाही तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडातच बसतात. प्रत्येक वेळी लघवी झाली की सिस्टर त्यात एक कागदी पट्टी बुडवून रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहते. पीएच सातच्या वर हवा. रंग त्या मानाने फिका आला की रात्री दोन वाजता देखील बायकार्बचा जादा डोस. डोस झाल्यावर रोज सकाळी रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसे चालले आहे ते सांगणारा आकडा. पातळी एका ठरलेल्या रेषेखाली, बहुतेक ठिकाणी ०.१ मायक्रोमोलच्या खाली, गेली की सुट्टी. चार-पाच दिवसांचा खेळ. माझ्या एका रुग्णाची बायको या पातळ्या शाळेच्या वहीत लिहायची, तारीख, वेळ, आकडा, आणि शेजारी एका शब्दात नवऱ्याची अवस्था : ‘चिडचिड’, ‘झोप’, ‘बोलले’. तिसऱ्या फेरीच्या पानावर ‘पेपर वाचला’ असे होते. मला त्या वहीने एमआरआयइतकेच सांगितले.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. वडील घरी जी काही औषधे घेतात त्या सगळ्यांची यादी पहिल्याच दिवशी वॉर्डात द्या, ‘साध्या’ गोळ्यांसकट. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोल-ओमेप्राझोल जातीच्या गोळ्या, पेनिसिलिन गटातली अँटिबायोटिक, कोट्रायमॉक्साझोल, ही सगळी मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला अडथळा करतात. छातीत किंवा पोटात पाणी साचलेले असेल तर तेही औषध साठवून ठेवते. असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने मूत्रपिंड दुखावले तर पुढचा डोस कमी करावा लागतो, आणि डोस कमी करणे या आजारात परवडत नाही.

साधारण दोन फेऱ्यांनंतर एमआरआय होतो. त्या दिवशी रांगेतली जागा बरीचशी कळते. मोठ्या संख्येने रुग्णांमध्ये गाठ निम्म्याहून लहान झालेली किंवा नाहीशी झालेली असते. ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शापर्यंत रुग्णांमध्ये ती दाद देत नाही किंवा उपचार चालू असतानाच वाढते, आणि त्यांच्यासाठी पुढची वाट खडतर असते. ज्यांची गाठ नाहीशी होते त्यांनाही तेवढ्यावर सोडता येत नाही, कारण नुसत्या किमोनंतर ती परत येण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून झेपणाऱ्यांना मूळपेशी प्रत्यारोपण. एका अलीकडच्या मोठ्या अभ्यासात, मेट्रिक्सला दाद दिलेल्यांपैकी प्रत्यारोपण झालेले ८६ टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, तर त्याऐवजी किमोच्याच आणखी फेऱ्या घेतलेले ७१ टक्के.

रेडिएशनही गाठ रोखते, पण साठीपुढच्या माणसात पूर्ण मेंदूला दिलेल्या रेडिएशनची किंमत एक-दोन वर्षांनी वसूल होते : विस्मरण, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. जर्मनीतल्या पाचशेवर रुग्णांच्या अभ्यासात किमोनंतरचे रेडिएशन वगळले तरी एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही, रेडिएशन घेतलेल्यांत ३२ महिने, न घेतलेल्यांत ३७. त्यामुळे तुमच्या वडिलांना सुरुवातीलाच कुणी ‘आधी लाइट (म्हणजे रेडिएशन) देऊन टाकू’ म्हणाले तर कारण विचारा. मूत्रपिंड मेथोट्रेक्सेट सोसूच शकत नाही, हे योग्य कारण आहे. किमोसाठी बेड नाही, हे नाही.

पुन्हा उलटले तर? बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटते, म्हणून त्या काळात दर तीन महिन्यांनी स्कॅन. तेव्हाही हात वर करायची गरज नसते. पहिल्यांदा मेथोट्रेक्सेटला चांगली दाद दिलेली असेल आणि बरेच महिने लोटले असतील तर तेच पुन्हा चालते. या गाठींच्या पेशींत एमवायडी८८ आणि सीडी७९बी ही जनुके वारंवार बिघडलेली आढळतात, आणि त्या जनुकांच्या संदेश-साखळीवर घाव घालणाऱ्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्या, तसेच लेनालिडोमाइड, काही रुग्णांना महिने देतात, थोड्यांना वर्षे. जपानने २०२० मध्ये याच जातीची टिराब्रुटिनिब ही गोळी खास या आजाराच्या उलटण्यासाठी मंजूर केली. पाच वर्षांनंतर उलटणे होते, पण क्वचित.

म्हणून तुमच्या वडिलांबद्दल मला आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते : उपचाराशिवाय काही महिनेच, यात शंका नको. मूत्रपिंड चांगले असेल आणि पूर्ण डोसात मेथोट्रेक्सेटवर आधारित उपचार सुरू झाले तर दोन वर्षांनी असण्याची शक्यता नाणेफेकीच्या आसपास, माझ्या अंदाजाने थोडी वरच. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर गाठ विरघळली आणि वडील स्वतः चालू लागले, तर मला पुन्हा विचारा. माझा आकडा तेव्हा वेगळा असेल, आणि दोन वर्षे कोरडी गेल्यावर आणखी वेगळा. आजचा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका.

भावाला आत्ता बोलवा. निरोप घेण्यासाठी नव्हे. धोका सगळ्यात जास्त पहिल्या फेरीत असतो, जंतुसंसर्ग, मूत्रपिंड, फुप्फुसात रक्ताची गुठळी. आणि नेमके त्याच दिवसांत वडील गोंधळलेले असतील, रात्री सलाईनची नळी ओढतील, आणि तुम्ही एकट्या सलग पाच रात्री जागू शकणार नाही. त्याला सहा आठवड्यांची रजा मिळत असेल तर ती पहिल्या दोन फेऱ्यांसाठी वापरा, आणि येताना एक जाड वही आणायला सांगा.